इलेक्ट्रिसिटी मॅप्स: धरणाची वीज कार्बन कसा वाचवते ते लाइव्ह बघायचं असेल तर हे उघडा

इलेक्ट्रिसिटी मॅप्स बरेच दिवस वापरतोय, साइट पण आहे आणि मोबाईल ॲप पण आहे, आणि जलविद्युतमुळे कार्बन कमी होतो म्हणजे नेमकं काय होतं हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं फुकट साधन मला तरी सापडलेलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू. सगळं ॲप कव्हर करत बसणार नाही, सोलर, अणुऊर्जा, बॅटरी यावर बाकीच्यांनी लिहावं, मी फक्त पाण्याच्या विजेपुरतं लिहितोय कारण या विषयावर लोक प्रचंड भांडतात आणि भांडताना ग्रीडवर, म्हणजे विजेच्या जाळ्यावर, प्रत्यक्ष काय चाललंय ते फार कमी जण बघतात.

आधी थोडक्यात हे काय आहे ते. जगाचा नकाशा आहे, त्याचे विजेच्या ग्रीडप्रमाणे झोन पाडलेत, आणि प्रत्येक झोनला त्या तासाला एक युनिट विजेमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतोय त्यानुसार रंग दिलाय. हिरवा म्हणजे कमी, मग पिवळा, मग तपकिरी, आणि कोळशावर चालणारे भाग जवळजवळ काळपट. झोनवर क्लिक केलं की बाजूला पॅनल उघडतं, त्यात कोळसा, गॅस, अणु, वारा, सौर, जल असे सगळे पट्टे दिसतात, शेजारच्या झोनमधून किती वीज आली किती गेली तेही दिसतं. डेन्मार्कमध्ये २०१६ च्या सुमाराला सुरू झालेला प्रकल्प आहे आणि त्याचा बराचसा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, म्हणजे कुठला आकडा कुठून आला ते ज्याला खोलात जायचंय तो शोधू शकतो, आणि माझ्या मते हीच याची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

आता नकाशा उघडल्यावर पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती ही की जे झोन रात्रंदिवस, बारा महिने हिरवे असतात त्यातले बहुतेक पाण्यावर चालतात. नॉर्वे, आइसलँड, कॅनडातलं क्यूबेक. आइसलँडमध्ये साधारण ७० टक्के पाणी आणि उरलेली जमिनीखालची उष्णता, क्यूबेकमध्ये ९० टक्क्यांच्या वर पाणी. फ्रान्स हिरवा दिसतो तो अणुऊर्जेमुळे, ते वेगळं. पण कायम हिरवं राहायचं असेल तर एकतर पाणी पाहिजे किंवा अणु किंवा भूगर्भातली उष्णता, आज तरी हे तीनच मार्ग मोठ्या प्रमाणावर चाललेले दिसतात, आणि त्यात पाणी सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं. जगाच्या एकूण विजेपैकी साधारण सातवा हिस्सा पाण्यातून येतो, सौर आणि वाऱ्याची एवढी चर्चा असताना हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

पॅनलमध्ये वीज आणि उत्सर्जन असे दोन व्ह्यू आहेत. उत्सर्जनवाल्यावर गेलं की नवीन माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की पाण्याच्या विजेला पण कार्बन कसा काय? कारण हिशेब लाइफ-सायकलचा आहे. धरणाचं सिमेंट, स्टील, खोदकाम, आणि बुडालेल्या जमिनीतून निघणारे वायू, हे सगळं त्या धरणाने आयुष्यभरात केलेल्या विजेवर वाटून टाकायचं. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या २०१४ च्या अहवालात जलविद्युतचा मधला आकडा युनिटमागे २४ ग्रॅम धरलाय, कोळशाचा ८२०, गॅसचा ४९०. हे तीन आकडे एकदा डोक्यात बसले की नकाशाचे रंग आपोआप वाचता येतात. ब्राझील आणि पॅराग्वेच्या सीमेवरच्या इताइपूचं उदाहरण घ्या, १४,००० मेगावॅटचं केंद्र, २०१६ मध्ये त्याने १०३ अब्ज युनिट वीज केली. तेवढीच वीज कोळशावर केली असती तर वर दिलेल्या आकड्याने साडेआठ कोटी टनांच्या आसपास कार्बन हवेत गेला असता, पाण्याच्या सरासरी आकड्याने होतो पंचवीस लाख टन. एका धरणाचा, एका वर्षाचा हा फरक आहे!

पण एवढंच असतं तर मी हा रिव्ह्यू लिहिलाच नसता, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. या ॲपची खरी किंमत वेळ मागेपुढे सरकवायच्या स्लायडरमध्ये आहे.

हे करून बघा. दक्षिण-पश्चिम नॉर्वे आणि पश्चिम डेन्मार्क, हे दोन झोन स्क्रीनवर एकत्र येतील एवढं झूम करा. मधल्या समुद्रावर बाण दिसेल, ती समुद्राखालून गेलेली स्कागेराक केबल, पहिली १९७० च्या दशकात टाकली, चौथी २०१४ मध्ये, आता सगळ्या मिळून साधारण १,७०० मेगावॅट. आता खालचा स्लायडर तासातासाने मागे ओढा. डेन्मार्कमध्ये जोराचा वारा असलेली रात्र सापडली की बाण उत्तरेकडे वळलेला दिसतो, डेन्मार्कची जास्तीची वाऱ्याची वीज नॉर्वेत चाललीय, आणि त्याच तासाला नॉर्वेचा जलविद्युतचा पट्टा बारीक झालेला असतो. तिथे कोणी पाणी परत वर चढवत नाहीये, फक्त टर्बाइन कमी चालवतायत, पाणी डोंगरात तसंच पडून राहतं. मग वारा पडलेल्या तासांकडे या, बाण उलटा फिरतो, नॉर्वेचा निळा पट्टा जाडजूड होतो आणि राखून ठेवलेलं पाणी वीज होऊन डेन्मार्कला जातं. पॅनलमध्ये वापराच्या बाजूने हिशेब बघितला तर ही आयात धरलेली असते, त्यामुळे वारा नसलेल्या संध्याकाळी पश्चिम डेन्मार्क जितका तपकिरी व्हायला पाहिजे तितका होत नाही. हे मी कितीतरी वेळा बघितलंय आणि अजूनही तितकंच भारी वाटतं, कारण जलविद्युतचं काम इथे एका नजरेत कळतं. ती स्वतः जेवढी स्वच्छ वीज करते त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ती दुसऱ्याच्या वाऱ्याला आणि उन्हाला उपयोगी बनवते. डेन्मार्कने निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यातून करायची हिंमत केली त्यामागे शेजारच्या डोंगरातलं ते पाणी पण आहे.

नॉर्वेच्या जलाशयांमध्ये सगळं भरलं तर साधारण ८७ अब्ज युनिट विजेएवढं पाणी मावतं, युरोपातल्या एकूण जलाशय साठ्याच्या जवळजवळ निम्मं. एवढी बॅटरी आज कोणी बांधू शकत नाही. म्हणून तर २०२१ पर्यंत जर्मनी आणि ब्रिटनपर्यंत १,४०० मेगावॅटच्या एकेक केबल टाकल्या गेल्या, ब्रिटनवाली तर ७२० किलोमीटर आहे. नकाशावर या दोन्ही केबलचे बाण पण दिसतात, फक्त बाण छोटे आहेत, मोबाईलवर बोटाखाली झाकले जातात.

दुसरा झोन ज्यावर मी परत परत जातो तो एल इएरो, कॅनरी बेटांमधलं सगळ्यात छोट्यांपैकी एक. सापडायला भरपूर झूम करावं लागतं. पूर्वी पूर्ण डिझेलवर होतं. २०१४ मध्ये तिथे ११.५ मेगावॅटच्या पवनचक्क्या आणि साधारण तेवढ्याच ताकदीचं जलविद्युत केंद्र जोडीने सुरू केलं. वरचा तलाव जुन्या ज्वालामुखीच्या मुखात आणि खालचा समुद्राजवळ, मध्ये सुमारे ७०० मीटरची उंची. वारा जास्त असला की पंप पाणी वर चढवतात, वारा थांबला की तेच पाणी खाली येऊन टर्बाइन फिरवतं. आणि दोन्ही संपलं की डिझेल. नकाशावर हे बेट आज हिरवं, परवा तपकिरी असं सारखं बदलत राहतं, २०१९ मध्ये एकदा सलग तीन आठवड्यांच्या वर डिझेलशिवाय चाललं, पण वर्षाची सरासरी काढली तर स्वच्छ वीज निम्म्याच्या आसपासच येते. पाणी चढवून ठेवण्याला मर्यादा आहे, वरचा तलाव लहान आहे, आठवडाभर वारा नसेल तर तो पुरत नाही. हा धडा मला कुठल्याही लेखातून एवढा स्पष्ट मिळाला नव्हता.

असं पाणी वर चढवून ठेवण्याला पंप-स्टोरेज म्हणतात, त्याचा पट्टा ॲपमध्ये साध्या जलविद्युतपेक्षा वेगळा दाखवतात, हे बरं केलंय. ब्रिटन उघडा, संध्याकाळी मागणी चढते त्या वेळेला हा पट्टा वर येतो, पहाटे शून्याच्या खाली जातो म्हणजे पाणी चढवणं चालू आहे. यात वेल्समधलं डिनोर्विग मोठं, डोंगराच्या पोटात बांधलेलं, १९८४ पासून चालू, १,७२८ मेगावॅट, आणि टर्बाइन तयारीत फिरत ठेवलेलं असेल तर १५-१६ सेकंदांत पूर्ण ताकदीवर येतं. कोळशाच्या केंद्राला थंड अवस्थेतून उठायला तास लागतात. पण हे लक्षात ठेवा की पंप-स्टोरेज नवीन वीज करत नाही, चढवायला १०० युनिट घातले तर परत ७० ते ८० मिळतात, आणि चढवताना ग्रीडवर कोळसा असेल तर तो कोळसाच उशिरा परत येतो. त्यामुळे याने कार्बन कमी झाला की वाढला हे पूर्णपणे कुठल्या तासाला चढवलं त्यावर ठरतं.

आता जिथे मला हे ॲप कमी पडतं ते.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाण्याचा पट्टा सगळा एकच आहे. धरण कुठलं, तलाव केवढा, हवा थंड की गरम, नुसतं वाहत्या नदीवरचं केंद्र की प्रचंड जलाशय, काही कळत नाही, सगळं एका रंगात. आणि जलविद्युतमध्ये हा फरक एवढा मोठा आहे की सरासरी आकडा कधी कधी दिशाभूल करतो. आयपीसीसीच्या त्याच तक्त्यात पाण्याचा मधला आकडा २४ असला तरी खालचं टोक आहे १ ग्रॅम आणि वरचं टोक आहे २,२०० ग्रॅम! म्हणजे कोळशाच्या अडीच पटीहून जास्त. दुसऱ्या कुठल्याच प्रकाराची रेंज एवढी फाकलेली नाही.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलात बाल्बिना नावाचं धरण आहे, १९८० च्या दशकाच्या शेवटी पूर्ण झालं. केंद्र २५० मेगावॅटचं आणि तलाव २,३०० चौरस किलोमीटरच्या वर. इताइपूचा तलाव साधारण १,३५० चौरस किलोमीटर आणि केंद्र १४,००० मेगावॅट. म्हणजे इताइपूने एक चौरस किलोमीटर बुडवून दहा मेगावॅट मिळवले, बाल्बिनाने एक दशांश मेगावॅट. जमीन सपाट होती, पाणी उथळ पसरलं आणि उभं जंगल तसंच बुडलं. ती झाडं, पाला, माती तळाशी कुजते, तिथे ऑक्सिजन नसतो म्हणून मिथेन तयार होतो, आणि टर्बाइनसाठी खोलवरचं पाणी ओढलं की दाब कमी होऊन तो वायू बाहेर पडतो, सोडावॉटरची बाटली उघडल्यावर होतं तसं. वर दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठाच्या चिखलात हिरवळ उगवते, पावसाळ्यात तीच परत बुडते, परत कुजते, म्हणजे जुनं जंगल संपलं तरी मिथेनचा कारखाना चालूच. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ऐंशी पटींच्या वर. बाल्बिनाच्या विजेमागचं उत्सर्जन कोळशापेक्षा वाईट आहे हे शास्त्रज्ञांनी कधीच मांडलंय. आणि नकाशावर? उत्तर ब्राझीलचा झोन छान हिरवागार. तिथल्या मोठ्या धरणांच्या ढिगात बाल्बिना पण बसलंय आणि बघणाऱ्याला पत्ताच नाही.

नॉर्वेच्या थंड, खडकाळ, खोल दऱ्यांमधल्या तलावात हे जवळपास होतच नाही, कुजायला तिथे फारसं काही नसतंच. म्हणून जलविद्युत चांगली की वाईट हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो, कुठली जागा, किती जमीन बुडवून किती मेगावॅट, हे विचारलं पाहिजे. एकेका जलाशयाचा अंदाज काढायला जी-रेझ नावाचं साधन आधीपासून उपलब्ध आहे, तलाव व्हायच्या आधी त्या जमिनीतून किती वायू निघत होता तेही वजा करतं. अशा आकड्यांवरून झोनचा रंग ठरला तर विषुववृत्ताजवळचे काही झोन तेवढे हिरवे राहणार नाहीत, आणि ते तसं दिसलंच पाहिजे.

दुसरी उणीव सरासरीचीच पण वेगळ्या अर्थाने. ॲप दाखवतं ती त्या तासाची सरासरी, आणि लोक त्यावरून ठरवतात की आत्ता हिरवं आहे तर आत्ता गाडी चार्ज करू. वारा आणि सौर गरजेपेक्षा जास्त असेल तर ठीक, ते तसंही वाया गेलं असतं. पण पाणी साठवता येतं ना! आत्ता तुमच्यासाठी सोडलेलं पाणी उद्या संध्याकाळी वापरायला उरणार नाही, आणि उद्या संध्याकाळी त्याच्या जागी कदाचित शेजारच्या देशातला गॅस पेटेल. नॉर्वेतले ऑपरेटर टर्बाइनमधून पाणी जाताना खर्च जवळजवळ शून्य असूनही ते फुकट धरत नाहीत, हे पाणी राखलं तर पुढे कोणती वीज टाळता येईल यावरून त्याची किंमत लावतात. मला तर वाटतं जलविद्युत कार्बन कसा कमी करते हे समजायला याच्याहून चांगली चावी नाही, पाणी आज स्वच्छ आहे हे खरं पण ते मोजकं आहे आणि सगळ्यात जास्त कार्बन जिथे वाचेल त्या तासाला खर्च झालं पाहिजे. एक हिरवा रंग हे सांगू शकत नाही.

तिसरं, जलाशयात पाणी किती उरलंय याचा लेयर मला तरी कुठे सापडला नाही. वाऱ्याचा लेयर आहे, उन्हाचा आहे, मग पाण्याचा का नको? दुष्काळ पडला की काय होतं ते २०२३ मध्ये सगळ्या जगाने बघितलं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षी ऊर्जेतून होणारं जागतिक उत्सर्जन ४१ कोटी टनांनी वाढलं आणि त्यातले साधारण १७ कोटी टन नुसते धरणांत पाणी कमी पडल्यामुळे, कारण ती जागा कोळसा, गॅस, तेलाने भरली. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात, जिथली ८० टक्क्यांच्या आसपास वीज पाण्याची, जलविद्युत निम्म्यावर आली, कारखाने बंद ठेवावे लागले आणि कोळशाची केंद्रं पूर्ण जोरात चालवली. टास्मानियात २०१५-१६ ला तर पाणी तळाला गेलेलं असतानाच ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीकडून येणारी समुद्राखालची केबल तुटली आणि त्या हिरव्या बेटाला डिझेल जनरेटर भाड्याने आणावे लागले. पाण्यावर अवलंबून असलेल्या झोनचा आजचा हिरवा रंग किती टिकेल हे जलाशयाच्या पातळीवर ठरतं, आणि तापमान वाढतंय तसं पावसाचं गणित बिघडत चाललंय, म्हणजे ज्या संकटाशी लढायला ही वीज पाहिजे तेच संकट तिच्या मुळावर उठलंय. नॉर्वे, ब्राझील असे देश जलाशयांचे आकडे जाहीर करतात, तेवढ्यांचे तरी नकाशावर यावेत अशी माझी कळकळीची मागणी आहे.

चौथं म्हणजे जगाच्या मोठ्या भागाचा डेटा अंदाजाने भरलेला असतो. ॲप तसं स्पष्ट लिहितं, ते प्रामाणिक आहे, पण अंदाजाच्या झोनवर तासातासाचा खेळ बघण्यात अर्थ नाही. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील इथेच स्लायडर वापरा.

आणि कार्बनच्या नकाशावर माणसं नसतात. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाने २०२० मध्ये ११२ अब्ज युनिटच्या जवळपास वीज केली, कार्बनच्या हिशेबात जबरदस्त काम, पण त्याच्यासाठी १२ लाखांहून जास्त लोक उठवले गेले. ॲपचा हा दोष नाही, त्याने कार्बन मोजायचं काम घेतलंय. पण नकाशा बघून नवीन धरणाची मागणी करणाऱ्याने ही दुसरी बाजू वेगळी वाचायला पाहिजे, हे मी मनापासून सांगतो. म्हणूनच जुन्या धरणांची टर्बाइन बदलून, किंवा नुसतं सिंचनासाठी बांधलेल्या धरणावर केंद्र बसवून, किंवा दोन तयार तलावांमध्ये पंप बसवून जेवढं मिळेल तेवढं आधी घ्यावं या मताचा मी आहे, त्यात नवीन गाव बुडत नाही आणि नवीन जंगल कुजत नाही.

रेटिंग द्यायचं तर ५ पैकी ४. एक स्टार कापला तो सगळं पाणी एकाच रंगात घातल्याबद्दल, बाकी शिकण्यासाठी, शाळा-कॉलेजात प्रोजेक्टरवर दाखवण्यासाठी, घरातल्या मुलांबरोबर बसून बघण्यासाठी डोळे झाकून घ्या. मोबाईलवर नको, मोठ्या स्क्रीनवर बघा. सुरुवात पश्चिम डेन्मार्कपासून करा, मग एल इएरो, मग ब्रिटनचा पंप-स्टोरेज पट्टा, आणि त्यानंतर उत्तर ब्राझील उघडून ठेवून बाजूच्या टॅबमध्ये बाल्बिनाचा उपग्रह फोटो शोधा, हजारो छोट्या बेटांमध्ये फाटलेला तो तलाव आणि पॅनलमधला हिरवा आकडा दोन्ही एकाच वेळी समोर ठेवून बघा.